रॉकेलात धुतलेला नट

"डब्यात टाक," दुकानदार म्हणाला.

पायरीवर रॉकेलचा डबा. माझ्या हातात डंपरच्या पावर स्टेरिंगचा फुटलेला होज. जाड काळी नळी, टोकाला लोखंडी नट. मी तो धुऊनच आणला होता. पुसून लख्ख केला होता.

"साफ हाय, शेठ."

"म्हाईत हाय किती साफ हाय ते. टाक म्हणलं ना!"

टाकला. त्यानं चिमट्यानं टोक धरून रॉकेलात घुसळलं, फडक्यानं पुसलं, मग कुठं हातात घेतलं. आतली गिऱ्हाइकं हसली. रॉकेलनं तेल निघतं हो. माझा हात निघतो का त्याच्यावरून?

आधी असं नव्हतं. पूर्ण्याच्या ह्याच स्पेअर पार्टच्या दुकानात मी काउंटरला टेकून उभा राहायचो. खोकी माझ्यापुढं सरकवून शेठ म्हणायचा, "बघ बाबा, तुझं तूच." मग त्यानं मला विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चात पाहिलं. हातात निळा झेंडा. दुसऱ्या दिवशी पायरीवर हा डबा आला. मी पायरीच्या खाली आलो. आन् उभा राहिलो, लेकाचा! रोजी होती ना.

चुडाव्याच्या पलीकडं कालव्याचं काम चालू होतं. मी तिथल्या गुत्तेदाराचा मिस्त्री. माझी बायको तिथंच माती उचलायला. गुत्तेदार त्या दिवशी माझ्यासंगं आलेला. बाहेर जीपमधी बसून पान खायलता.

आता ह्या नटाचं असं हाय, की नुसत्या डोळ्यानं वळखू येत न्हाई. दिसायला सगळे सारखेच. एकाचे आटे बारीक, एकाचे जाड. एकाचं तोंड आतून खोलगट, दुसऱ्याचं सपाट. म्हणून ज्याच्यावर नट बसतो तो जोडीचा तुकडा घेऊन हातानं फिरवून पाहायचा. शेवटापर्यंत नुसत्या बोटांनी गेला, तर तो आपला. मधीच अडला, तर न्हाई. पंपाच्या तोंडाला हायेत त्याच आट्यांचा एक जुना तुकडा मी खिशात घालूनच आणला होता.

"नवा होज हातात द्या. फिरवून पाहतो."

"तू हात लावलेला माल मंग मी कुणाला इकू? लांबून सांग, हा का तो?"

"लांबून कळत न्हाई, शेठ."

जीपमधून गुत्तेदार वरडला, "आरं, सांग की! मुहूर्त काढायलास का?"

दुकानदारानं जुना आन् नवा शेजारी शेजारी धरले. "सेम हाय," म्हणाला. नवा होज पायरीखालच्या पोत्यावर फेकला. मी वाकून उचलला. वाकताना मानंवर सगळ्यांचे डोळे.

पोत्यावर टाकलेला माल परत घेत नसतात. म्हणून तिथं फिरवून पाहून बी काई उपेग नव्हता. कालव्यावर येऊन बसवायला घेतला. दोन फेरे गेला आन् अडला. आटे वेगळे.

गुत्तेदार म्हणाला, "पान्यात पाईप घाल आन् आवळ."

"मालक, आता बसल. पण प्रेशर आलं की निसटल. स्टेरिंग दगडावानी होतंय मंग."

भरावावरून डंपर मागं यायचा, अगदी काठाला. खाली बाया टोपली घेऊन वर चढायच्या. त्यात माझी बायको. तिचा लाल पदर मला वरून दिसत होता.

"बसव म्हणलं ना."

"न्हाई बसवत."

तोंडातून निघून गेलं. आजवर कुणाला न्हाई म्हणलो नव्हतो. हातातला पाना खाली ठेवला.

"जास्त झालं का रे? झेंडा चढला व्हय डोक्यात? उद्यापासून तू बी नको आन् तुझी बायको बी नको."

मग डायवरनंच नटाला सूत गुंडाळलं, पान्यात पाईप घातला आन् आवळला. डंपर चालू केला. थेंबभर तेल गळलं न्हाई. स्टेरिंग फिरलं. गुत्तेदार माझ्याकडं बघून म्हणाला, "बसला की रे, पंडिता!" सगळे हसले. खाली बाया टोपल्या घेऊन तशाच चढत होत्या. पुढं तो नट टिकला का निसटला, मला ठाऊक न्हाई. मला कुणी सांगितलं न्हाई, मी इचारलं न्हाई.

बायको वर आली. टोपलं उपडं ठेवलं. घर जवळ आल्यावर म्हणाली, "आवो, आता खायचं काय?"

तालुक्यात गुत्तेदार सगळे एकमेकाचे सोयरे. कुणीच कामावर घेणार नव्हतं. नामांतर बी झालं नव्हतं. होईल असं वाटत बी नव्हतं.

तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानावर गेलो. रॉकेलचा डबा ओलांडला. पायरी चढलो. तो जुना तुकडा खिशातच राहिला होता, तो काउंटरवर ठेवला. मला काई घ्यायचं नव्हतं.

"होजचं खोकं काढा. हातानं फिरवून पाहणार."

दुकानदार पांढराफटक. "खाली उतर," म्हणाला. मी उतरलो न्हाई. शेजारच्या दुकानातून माणसं आली. त्यांनी बखोटीला धरून मला रस्त्यावर ढकललं. तुकडा माझ्यामागं नालीत फेकला. मी नालीत हात घालून तो काढला, सदऱ्याला पुसला. शटर धाडकन खाली आलं.

शटर वर जाईल कवातरी. धंदा हाय त्याचा. तवा मी पायरीवर असणार. पायरीच्या खाली न्हाई.