शेंगदाण्याचं उद्यापन

आमच्या घरात भाजीत मीठ विसरलं तर खपून जायचं, दाण्याचं कूट विसरलं तर सासूबाई ताट सरकवायच्या. त्यामुळे डॉक्टरांनी माझ्या सहा वर्षांच्या मुलीचा शेंगदाणा बंद केला, तेव्हा स्वयंपाकघरालाच कुलूप लागल्यासारखं झालं. तिने चिक्कीचा तुकडा खाल्ला होता आणि बघता बघता ओठ आणि डोळे सुजले होते. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी घसा सुजू शकतो, श्वास अडकू शकतो. तसं दिसलं की घरी थांबायचं नाही, सरळ दवाखान्यात आणायचं. त्या दिवसापासून मी भित्री झाले ती झालेच. कुणी लाडाने लेकरापुढे मूठ धरली की आधी मी ती उघडायला लावायची.

त्याच वर्षी दसऱ्याला तेलंगणातल्या आमच्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. आमचं मावला गाव जुन्याच जिल्ह्यात राहून मंडल, म्हणजे तालुक्याचं ठिकाण झालं, आणि महसूल कचेरीत कारकून असलेला माझा नवरा दफ्तराच्या गठ्ठ्यांबरोबर नव्या जिल्ह्यात गेला. पहिल्याच सुट्टीला येताना तो एक बाटली घेऊन आला. होमिओपॅथीचे थेंब होते, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय दुकानात मिळालेले. खोक्यावर लिहिलं होतं, खाण्याच्या ॲलर्जीसाठी.

"बाटली सरली की ॲलर्जी सरली म्हणे," तो म्हणाला. "अन् साइड इफेक्ट कायीच नाही."

"अन् इफेक्ट? तो इचारला का?"

तो हसला. मीही हसले, पण बाटली ठेवून घेतली. बुडत्याला काडीचा आधार, आणि मी तर रोजच बुडत होते.

थेंबांबरोबर पथ्य आलं. कांदा, लसूण, कॉफी नको, कापराचा तर वाससुद्धा नको. पथ्य म्हटल्यावर सासूबाईंना हुरूप आला. ट्रंकेतल्या डांबरगोळ्या बाहेर गेल्या. कांदा-लसूण त्यांचा चातुर्मासात बंदच असायचा, तो आता साऱ्या घराचा बंद झाला. आणि सासरे गेले त्या वर्षीसुद्धा ज्यांची आरती कापराशिवाय झाली नव्हती, त्यांनी कापराची डबी उचलून शेजारी देऊन टाकली. सकाळी नातीच्या जिभेवर थेंब टाकून झाले की त्या बाटलीला हात जोडायच्या. मला हसू यायचं, आणि त्यांच्यावर मायाही यायची.

बाटली संपत आली आणि चंपाषष्ठी आली. चातुर्मासात सोडलेलं कांदा-वांगं आमच्याकडे त्या दिवशी सुटतं. भरताचा नैवेद्य खंडोबाला दाखवायचा, मग घरच्यांनी खायचं. सोडलेलं आधी देवाला, मग आपल्याला. मी गॅसवर वांगी भाजत होते. थोडं भरीत कालवून आत दिलं, आणि भाकरी घेऊन देवघरात गेले तर मुलगी आजीच्या मांडीवर बसून लाडू खात होती. शेंगदाण्याचा लाडू. मला दिसला तेव्हा अर्धाच उरला होता.

माझ्या हातातली भाकरी खाली पडली. "आई, हे काय दिलं तुमी?"

"पथ्य पुरं झालं नं माय," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "देवाले दाखवला अन् मंग देला. उद्यापन नको का? घरात दाणाबी नाही आणला मी, शेजारी भाजून तिथंच वळला. तू काऊन भिऊन राह्यली?"

"आजी," मुलगी म्हणाली, "जिभेले मुंग्या चावून राह्यल्या."

मी तिच्या तोंडातलं बोटाने काढलं, चूळ भरायला लावली. सासूबाईंनी बाटलीच्या तळाचे थेंब तिच्या जिभेवर टाकले. मी नवऱ्याला फोन लावला. तो मीटिंगमधून हळू आवाजात म्हणाला, "थेंब देले नं? मंग जरा वेळ वाट पाय."

मुलगी आजीच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "आता बरं वाटते." आजीला काय ऐकायचं होतं ते तिला बरोबर कळलं होतं. सासूबाईंनी सुस्कारा सोडला, मीही सोडला. तेवढ्यात ती खोकली आणि तिने पाणी मागितलं. तो आवाज माझ्या मुलीचा नव्हता. घोगरा, म्हाताऱ्या माणसाचा होता.

मी तिला उचललं. सासूबाई दारात आडव्या झाल्या. "नेऊ नको माय. औषध लागू पडू दे. इंजेक्शनानं त्याचा गुण जाते."

"आई, सरका."

त्या सरकल्या नाहीत. मी त्यांना खांद्याने ढकललं आणि रस्ता गाठला. मिळाली त्या ऑटोत बसले. ऑटोवाला तेलुगूत काहीतरी विचारत होता, मला फक्त 'दवाखाना' एवढंच बोलता येत होतं. सगळ्या वाटेत मी तिच्या नाकासमोर तळहात धरून बसले होते. श्वास हाताला लागायचा, मग लागायचा नाही, मग शिट्टीसारखा पुन्हा लागायचा. तेवढी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

दवाखान्यात तिच्या मांडीत इंजेक्शन टोचलं. थोड्या वेळाने ती मोठ्याने रडली, तिच्या स्वतःच्या आवाजात. मी भिंतीला टेकून खाली बसले.

सासूबाई मागून आल्या त्या अनवाणी. काय काय बोलायचं ते मी दातांत धरून ठेवलं होतं. त्यांच्या मुठीत ती रिकामी बाटली होती. त्या डॉक्टरांसमोर उभ्या राहिल्या आणि मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "साब, हमने कापूर नहीं जलाया. बाजूवालों के घर का वास आया होगा क्या?"

डॉक्टरांना काहीच कळलं नाही. मला कळलं, आणि दातांतलं सगळं तिथेच राहिलं. पथ्यात काही चुकलं नव्हतं, असं मी त्यांना सांगितलं. शेंगदाणा तिला चालणार नाही, बाटली संपो नाही तर दहा बाटल्या संपोत.

"मंग सुटन कधी?"

"सुटत नाही आई. हे असंच पाळायचं."

त्यानंतर सासूबाईंनी स्वतः दाणा तोंडात घातला नाही, आणि कापूरही पुन्हा लावला नाही. परवा कुणीतरी बासरच्या सरस्वतीचा प्रसाद आणला. नात आता त्यांच्यापेक्षा उंच झाली आहे, पण त्या तिच्याकडे गेल्या नाहीत. आधी स्वयंपाकघरात आल्या, माझ्यासमोर मूठ उघडली आणि मी काही बोलेपर्यंत उभ्या राहिल्या. खडीसाखर होती. तरी मी त्यांचा हात धरून खिडकीच्या उजेडात नेला.