काटेवाल्या आबांचा डूख

लोक गाय पाळतात, शेळी पाळतात. आबा राग पाळायचे. त्याचं चारापाणी वेळेवर करायचे, एक दिवस उपाशी ठेवायचे नाहीत. कडा गावाच्या रस्त्याला त्यांचा वजनकाटा होता. कांद्याच्या, कापसाच्या, भंगाराच्या गाड्या तिथे तोलल्या जायच्या, म्हणून सगळे त्यांना काटेवाले आबा म्हणत. काटा काढायचा तर आबांनीच, असंही म्हणत, आणि तेव्हा गाडीच्या वजनाचा काही संबंध नसायचा.

एकदा एका कांद्याच्या व्यापाऱ्याने चारचौघांत म्हटलं, "आबा, तुमचा काटा मारतो बरं का." आबा हसले, त्याला चहा पाजला. त्यानंतर त्याची गाडी दिसली की काटा बंद पडायचा. बिचारा वजनासाठी आष्टीपर्यंत हेलपाटे घालू लागला. शेवटी गावच्या सप्त्यात, भर पंगतीत त्याने हात जोडले. आबा शांतपणे म्हणाले, "चौघांत बोललातास, आज सगळ्या गावापुढं माफी मागितली. वरची माणसं व्याजात धरली. आन आता गाडी." दुसऱ्या दिवशी काटा सुरू झाला.

आमचं घर त्यांच्या शेजारचं. मी बी. कॉम. होऊन बीडला कर सल्लागाराचं ऑफिस टाकलं, तेव्हा पहिलं गिऱ्हाईक आबाच. दर वर्षी आयकराचं विवरणपत्र भरायच्या दिवसांत ते एस.टी.ने यायचे, खुर्चीत मांडी घालून बसायचे आणि म्हणायचे, "पोरी, आपले दुश्मन काय म्हनतेत?" दुश्मन म्हणजे आयकर खातं नव्हे. त्यांचा खरा दुश्मन एक आरोग्य विम्याची कंपनी होती, आणि त्या दुश्मनीत मीही पहिल्या दिवसापासून आबांच्या बाजूची.

त्याचं कारण जिजी, म्हणजे आबांची बायको. माझ्या वेण्या जिजीने घातल्या, माझ्या परीक्षांना देव जिजीने पाण्यात ठेवले. तिच्या छातीत कळ आली तेव्हा तिला बीडच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. आबा निर्धास्त होते. दोघांच्या विम्याचा हप्ता त्यांनी एकदाही चुकवला नव्हता. पण कंपनीने हात वर केले. म्हणे, साखरेचा आजार आधीपासून होता, तुम्ही लपवला. जिजीला साखर आहे हे त्या दिवसापर्यंत खुद्द जिजीलाही माहीत नव्हतं. पैशाची जुळवाजुळव होईपर्यंत ऑपरेशन लांबलं, आणि जिजी गेली.

मी म्हटलं, "आबा, ग्राहक आयोगात जाऊ. कागद मी तयार करते." आबांनी नाही म्हणून मान हलवली. "न्याय मिळाला की मानूस गप बसतो. मला गप बसायचं न्हाई." पुढच्या हप्त्याची वेळ आली, तर एकट्याच्या नावाने त्यांनी तो बिनबोभाट भरला. मी चिडले. म्हटलं, ती पॉलिसी त्यांच्या तोंडावर फेका. ते म्हणाले, "फेकली की संबंध तुटला. संबंध तुटल्यावर वसुली कुनाकून करू? म्या बी कवातरी पडंनच की आजारी. असा पडंन, असा पडंन, की त्येंची तिजोरी झाडून काढीन."

पुन्हा 'लपवलं' म्हणायला जागा राहू नये म्हणून त्यांनी मला कंपनीला पत्रं लिहायला लावली. गुडघेदुखी, मूळव्याध, लहानपणीचा गोवर, पावसाळ्यातल्या शिंका. मी म्हटलं, "आबा, शिंका कोण कळवतं?" तर म्हणाले, "लिव. सर्दीवर मेलो तर?"

हप्ता भरायला ते स्वतः कंपनीच्या ऑफिसात जायचे. नोटांचं बंडल टेबलावर आपटून, साहेबाच्या डोळ्याला डोळा भिडवायचा, अशी त्यांची हौस. मी सांगितलं की हप्ता रोखीने भरला तर करात वजावट मिळत नाही, चेकच द्यावा लागतो. वजावट तर त्यांना सोडायची नव्हती. नाइलाजाने चेक घेऊन गेले आणि तोंड पाडून परत आले. "पोरी, चेक आपटता येत न्हाई गं. आवाजच होत न्हाई."

पुढे कराची नवी पद्धत आली. दर कमी, पण आरोग्य विम्याच्या हप्त्याची वजावट त्यात नाही. जुनी पद्धत हवी असेल तर धंदेवाल्या माणसाने मुदतीत वेगळा अर्ज करायचा. मी दोन्हीकडून हिशोब मांडला. नव्या पद्धतीत आबांचा फायदा होता, चांगला होता. त्यांनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. "जुनीच ठिव. जिजीच्या आठवनीनं भरतो तो हप्ता, त्याची सरकारदरबारी नोंद पायजे." मी वाद घातला, तसे म्हणाले, "फायदा बघून राग धरत्यात व्हय?" मी जुन्या पद्धतीचा अर्ज भरला.

सत्तरी ओलांडल्यावर मोफत उपचाराचं सरकारी कार्ड मिळालं. ते असलं तरी हप्त्याची वजावट जात नाही, पण मला वाटलं, आता तरी हप्ता थांबवतील. आबांच्या लेकीनेही फोनवर समजावलं, सगळं फुकट होतंय तर कशाला पैसे घालवता? आबा खवळले. "सरकारनं माजं काय वाकडं केलंय? त्येला कशापायी खर्चात पाडू?" कार्ड त्यांनी देव्हाऱ्यात ठेवलं, हळदकुंकू वाहिलं आणि कधी वापरलं नाही.

अडचण एकच होती. आबा आजारी पडेनात. दर वर्षी तपासणी करून घ्यायचे आणि रिपोर्ट चांगला आला की हिरमुसायचे. बीडच्या लॅबमधल्या पोराला म्हणाले, "समदं नॉर्मल? नीट बघ की बे. कायतरी निघंल." वर कंपनीचा मेसेज यायचा: यंदाही एकही क्लेम केला नाही, अभिनंदन! मी तो वाचून दाखवला की आबांचे कान लाल व्हायचे. "अभिनंदन म्हनतेत मला. लई माज हाय."

आणि मग एका दुपारी आबांनी गाडीचं वजन केलं, पावती फाडली, खुर्चीला पाठ टेकली आणि तसेच गेले. ना दवाखाना, ना सलाईन, ना एक गोळी. माणसं म्हणाली, पुण्यवान, कुणाला त्रास दिला नाही. मला तिथे रडू येण्याऐवजी संताप आला. आबा, कुणाला नाही ते ठीक, पण त्या कंपनीलाही त्रास न देता गेलात! इतक्या वर्षांचा पोसलेला राग असा एका दुपारी बेवारस सोडून जातं का कुणी?

कंपनीकडे आबांनी माझाच नंबर दिला होता. हप्त्याची वेळ जवळ आली तसा फोन आला, एका मुलीचा, गोड आवाजात. "सरांचं रिन्यूअल आहे मॅडम. एकही क्लेम नाही, आमचे फार मोलाचे ग्राहक आहेत." ते वारले, हे मी सांगणारच होते. पण 'मोलाचे' ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, "सर दवाखान्यात आहेत. हृदयाचं मोठं ऑपरेशन आहे. मग किडनी. मग दोन्ही गुडघे. सगळं तुमच्याच पॉलिसीवर करणार आहोत, आणि एकूण एक आजार लेखी कळवलेला आहे."

मुलगी म्हणाली, "होल्ड करा मॅडम, साहेबांना देते." कानात गाणं वाजायला लागलं. जिजी आत तळमळत होती तेव्हा आबा कंपनीला फोन लावून दवाखान्याच्या दारात हेच गाणं ऐकत उभे होते. मी थांबले. म्हटलं, घाबरू दे, सगळं ऑफिस घाबरू दे.

साहेब फोनवर आले, काळजीच्या सुरात कुठला दवाखाना ते विचारू लागले. मग मी खरं सांगितलं. म्हटलं, आबा गेले, घरीच गेले, खर्च काही नाही.

साहेबांनी सोडलेला सुटकेचा श्वास मला बीडमध्ये स्वच्छ ऐकू आला. मागाहून ते "फार वाईट झालं" असंही म्हणाले.

मी त्यांचं नाव विचारून ठेवलं आहे.