दोन लाइनींची समान वाटणी

आमच्या निपाणीच्या गल्लीत इंटरनेट दोन राज्यांतून येतं. एक लाइन कोल्हापूरकडून, दुसरी बेळगावकडून. घरोघरी जोडण्या देणारे माझे थोरले भाऊ, अण्णा. पूर्वी ते निम्मी घरं एका लाइनीवर ठेवायचे, निम्मी दुसरीवर. त्यावरून अशी भांडणं पेटायची की सीमाप्रश्न परवडला. कोल्हापूरची लाइन मिळालेला मिशीला पीळ देत हिंडायचा, बेळगावची मिळालेला अण्णांना पाण्यात बघायचा. त्यात कोल्हापूरच्या लाइनीसाठी माझा आवाज सगळ्यांत मोठा. मी ओरडलो की संकेश्वरच्या कारखान्यात भोंगा झाला समजून माणसं डबे सोडायची.

शेवटी वैतागून अण्णांनी समान वाटणी केली. घर कुणाचंही असो, त्यातून निघालेल्या माहितीचा एक तुकडा कोल्हापूरकडून पाठवायचा, पुढचा बेळगावकडून, परत कोल्हापूर. असं राउटरला सांगून टाकलं. गल्ली खूश. सिनेमे तर असे पळायला लागले, की आपण चहा घेऊन बसेपर्यंत नायकाला नातवंडं झालेली असायची.

मग माझ्या मुलीची मुलाखत आली. बेंगळुरूची कंपनी, मुलाखत स्क्रीनवर. वर्षभर पोरगी या एका नोकरीसाठी पुस्तकात मान घालून बसली होती. मी दाराला कान लावून उभा. सुरुवात झकास झाली. मग पलीकडचे साहेब म्हणायला लागले, आवाज तुटतोय. ती तेच वाक्य पुन्हा सांगायची, आणखी मोठ्यानं.

कोल्हापूरची लाइन त्या सकाळी मंदावली होती. बेळगावकडचे तुकडे वेळेवर पोचत होते, कोल्हापूरकडचे मागाहून; आणि बोलण्यात उशिरा आलेला तुकडा यंत्र टाकूनच देतं. पोरीचा अर्धा शब्द बेंगळुरूत, उरलेला अर्धा कागलच्या नाक्यावर धापा टाकत.

अण्णांचं दुकान शेजारीच. मी अनवाणी धावलो. म्हटलं, "अण्णा, तिचा सगळा कॉल एकाच लाइनीवर घाला."

अण्णांनी मान वर केली. "कंच्या?"

मी त्यांच्या पडद्यावर बघितलं; कोल्हापूरची लाइन रखडलेली.

"उद्या गल्ली माझं डोस्कं खाईल. तूच लई वरडलतास रं. सांग, कंच्या?"

"बेळगावच्या," मी म्हणालो. इतक्या हळू, की त्यांनी पुन्हा विचारलं. "बेळगावच्या घाला अण्णा. लौकर."

परत आलो तेव्हा घरात आवाज घंटेसारखा स्वच्छ येत होता. साहेब म्हणत होते, कळवतो. स्क्रीन काळी झाली.

"पप्पा," ती म्हणाली, "त्यांना माझं नेमकं काय ऐकू गेलं असंल?"

सगळं गेलं, शब्द न् शब्द गेला, मी छातीठोकपणे सांगितलं. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या काळ्या स्क्रीनसमोर बसून ती आपलं उत्तर पहिल्यापासून, ओळीनं, हळू आवाजात म्हणत राहिली.