पहिल्या नंबरावरचं भांडण

मला बघायला पाहुणे आले तेव्हा मी पोह्यांचा ट्रे खाली ठेवला आणि मुलाने विचारलं, "कोणत्या पोझिशनला खेळायचात?"

स्वयंपाक येतो का, नोकरी सोडणार का, असल्या प्रश्नांची उत्तरं मी पाठ करून बसले होते. हा प्रश्न त्यांत नव्हता. भावाने बायोडाटात छंद म्हणून बास्केटबॉल लिहिलं होतं, त्यावरून त्याने विचारलं होतं. मी फॉरवर्ड म्हणून सांगितलं. त्यावर तो म्हणाला की आमच्या शिरूरच्या कॉलेजच्या टीममध्ये त्याला फक्त एक उंच सेंटर आठवते, बाकीच्या चौघी तिच्याकडे बॉल टाकून मोकळ्या व्हायच्या.

तो दौंडच्या कॉलेजकडून खेळलेला. त्यांच्याबद्दल मलाही असंच आठवत होतं. एक बुटका पॉइंट गार्ड सगळा खेळ करायचा आणि बाकीचे नुसते कोर्टभर पळायचे. मी तसं बोलून गेले. आईने डोळे वटारले, पण तो हसला. मग दोन्ही कॉलेजांत मिळून आजवर सगळ्यांत भारी कोण खेळलं यावर आम्ही तिथेच बोलत बसलो. पोहे गार झाले. त्याचे वडील टोपी गुडघ्यावर ठेवून ऐकत होते. शेवटी त्यांनी माझ्या मामाला हळूच विचारलं, "ह्यांचं जमतंय का भांडण चाललंय?"

मामाने जमतंय असं सांगितलं, आणि खरंच जमलं.

मी खुटबावला नांदायला आले. घरात ऊस, दोन म्हशी आणि सासरे. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेल्या होत्या. सासऱ्यांना गाव आबा म्हणायचं, मीही आबाच म्हणू लागले. सकाळी मी कुरकुंभला कंपनीच्या लॅबमध्ये जायची, नवरा शेतावर. संध्याकाळी ओसरीवर चहा व्हायचा आणि चहाबरोबर आमचा विषय निघायचा. दोन्ही कॉलेजांत जी मुलं-मुली खेळून गेली, त्यांतले पहिले पाच कोण? चौथ्या-पाचव्या नंबरावर माणसं येत-जात राहायची. तिसऱ्यावर शिरूरचा एक जुना खेळाडू होता, त्याच्याबद्दल आमचं एकमत. अडायचं ते वरच्या दोघांवर. माझ्या मते पहिली आमची सेंटर आणि दुसरा त्यांचा गार्ड. नवऱ्याच्या मते बरोब्बर उलटं.

त्याचं म्हणणं असं, की सेंटरला उंची आयतीच मिळाली होती, गार्डला सगळं कमवावं लागलं. शिवाय गार्ड बरोबर असला की सुमार खेळाडूही चांगला खेळायचा. "मला बास्केट करता यायची नाही," नवरा सांगायचा. "त्याच्या पासवर मात्र मी बास्केट करायचो. ह्याला काय म्हणशील?" मी म्हणायची, उंच मुली पुष्कळ असतात, पण शेवटच्या मिनिटाला बॉल आपल्याच हातात यावा असं वाटणाऱ्या किती? मग मी दौंडला झालेल्या झोनल स्पर्धेतली मॅच सांगायची. समोर पुण्याची टीम होती. आमच्या चड्ड्या-बनियन बघून त्या मुली एकमेकींना कोपरं मारून हसत होत्या. हाफ टाइमनंतर आमच्या सेंटरने बोर्डाखाली एकही बॉल त्यांना मिळू दिला नाही, आणि त्यांचं हसणं बंद झालं.

आबांनी तरुणपणी कुस्त्या केलेल्या. त्यांना हा सगळा प्रकार अवघड वाटायचा. एकदा त्यांनी विचारलं, "आमच्यात एक खाली जातो, एक वर ऱ्हातो. तुमची ती दोघं एकमेकांसमोर कवा उतरलीच न्हाईत. मग निकाल कसा लागायचा?"

लागणार नाही, असं मी कबूल केलं.

"मग बोलताय कशापायी?"

नवऱ्याने जरा विचार करून सांगितलं, "आबा, त्यांचे फोटो कुठं छापून आले नाहीत. टीव्हीवर तर सोडाच. आम्ही दोघांनी बोलायचं सोडलं तर ते खेळत होते हे कुणाला कळणार?"

आबांनी मान हलवली आणि चहासाठी कप पुढे केला. त्यानंतर त्यांनी कधी असं विचारलं नाही. उलट आमच्यातलं कुणी ढिलं पडलं की तेच काहीतरी बोलून पुन्हा लावून द्यायचे.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या उसाला तोड आली होती. नवरा फडात होता, तिथेच त्याला फोन आला. गार्ड गेला होता. तो रेल्वेत लागला होता, सोलापूरला असायचा. सकाळी ड्युटीवर निघताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आधीच संपलं. नवरा घरी आला तो हातपाय न धुताच ओसरीवर बसला. उसाची पाती त्याच्या शर्टाला चिकटलेली होती. मी एकेक काढत राहिले, त्याला ते कळलंही नसावं.

दौंडला त्याच्या घरी जाऊन आलो. त्यानंतर संध्याकाळी चहा व्हायचा, पण त्यावर बोलणं नाही. नवरा उसाचं बोलायचा, म्हशीचं बोलायचा. एकदा मला वाटलं, आपण त्याचं मन राखावं. मी म्हणाले, "खरं सांगू का, पहिला नंबर त्याचाच होता."

नवऱ्याने कप खाली ठेवला. "असं नको करू."

"काय केलं मी?"

"इतकी वर्षं तू त्याला दुसरा म्हणालीस. तो गेला म्हणून आता पहिला करू नको. त्याला असं जिंकायला आवडलं नसतं."

तो रागावला नव्हता. अगदी हळू बोलला. पण मला पुढे बोलायचं धाडस झालं नाही. तो विषय आमच्या घरातून उठला तो उठलाच. हिवाळा गेला, तोडलेल्या उसाच्या खोडव्याला पाणी सुरू झालं, तरी तसंच.

आबांनी इतके दिवस बघितलं. मग एका सकाळी मी डबा भरत असताना ते स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. म्हणाले, "पोरी, घर मुकं झालंय. चहा ग्वाड लागंना मला."

मी म्हटलं, "आबा, ज्याच्यावरून भांडायचं तोच राहिला नाही."

"त्याचा गेला. तुझी हाय न्हवं? ती कुठं असती?"

कॉलेज संपलं, लग्नं झाली, फोन नंबर बदलले. तिचं नाव मी रोज घेत होते आणि ती कुठे आहे ते मला माहीत नव्हतं. मी जुन्या मैत्रिणींच्या ग्रुपवर विचारलं. कुणीतरी पाबळजवळची वस्ती सांगितली, कुणीतरी नंबर काढून दिला. मी फोन लावला. तिने आवाज ओळखला नाही. कोण बोलतंय म्हणून दोनदा विचारलं.

"तुझी फॉरवर्ड," मी म्हणाले.

मग ती म्हणाली, "कवा येतीस?"

नवऱ्याला यायचं नव्हतं. एवढ्या लांब सूनबाईने एकटीने जायचं का, असं आबांनी त्याला ऐकवलं. म्हणून एका रविवारी आम्ही मोटरसायकलवर निघालो. चौफुल्यावरून पारगावला येऊन भीमेवरचा पूल ओलांडला की शिरूर तालुका लागतो. दर वेळी या पुलावर नवरा मला माहेरावरून काहीतरी चिडवतो. त्या दिवशी तो पाण्याकडे बघत गप्प गाडी चालवत राहिला.

मैत्रीण रस्त्यावरच उभी होती, लांबूनच दिसली. अजून तेवढीच उंच. तिचे आजोबा मेंढरं घेऊन गावोगाव फिरायचे, वडिलांनी शेती धरली. तिने आता शेळ्या पाळल्यात, आणि तिचा नवरा रांजणगावला कंपनीत जातो. शेळ्यांच्या शेडमध्ये शिरताना तिला पत्र्याखाली वाकावं लागत होतं. एका गुडघ्याला पट्टा होता. तिने मला मिठी मारली तेव्हा माझं डोकं तिच्या खांद्याशी आलं. बोर्डाखाली बास्केट झाली की अगदी असंच यायचं.

तिने गावरान कोंबडी आणि बाजरीच्या भाकरी केल्या होत्या. जेवता जेवता मी तिला आमच्या भांडणाचं सांगितलं. आपला कुणाच्या तरी घरात इतकी वर्षं पहिला नंबर लागलाय हे ऐकून ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "आन् मलाच ठाव न्हाई," म्हणाली. मी तिला पुण्याच्या टीमची ती मॅच आठवून दिली. बोर्डावर आपटून आलेला कोणता रिबाउंड कसा काढला, कुणाच्या डोक्यावरून काढला, सगळं सांगितलं.

"मला त्यातलं काय आठवत न्हाई गं," ती म्हणाली. "मला बूट तेवढे आठवत्यात."

आणि तिने सांगितलं. त्या मॅचआधी वॉर्मअप करताना तिच्या बुटाचा तळ निघाला. तिच्या मापाचा दुसरा बूट आमच्यात कुणाकडेच नव्हता. आमचे सर कुठून तरी मिळवायला म्हणून पळत गेले, आणि ती पाण्याच्या टाकीमागे जाऊन रडत बसली. तेवढ्यात दौंडच्या टीममधला एक मुलगा तोंड धुवायला आला. त्याची मॅच नुकतीच संपली होती. त्याने काही विचारलं नाही. फुटलेला बूट बघितला, तिथेच खाली बसला, आपले बूट काढले, मोजे काढले आणि तिच्यापुढे ठेवले.

"बुटका हुता, पण पाय केवढे," ती म्हणाली. "मला नीट बसले. ओले हायेत, पण चालतील, आता तुलाच ऱ्हाऊ देत, म्हणाला. कुणाला सांगू नको, उगाच चिडवतील तुला, हेबी म्हणाला. म्हणून म्या कुणालाच सांगितलं न्हाई. तुलाबी न्हाई."

मला इतकी वर्षं वाटत होतं की ते बूट सरांनी आणले.

"मॅच संपस्तोवर कोर्टाच्या कडंला उभा हुता. उन्हानं शिमिट तापलं हुतं. एक पाय खाली, एक पाय वर, असं चाललं हुतं त्याचं. म्या बॉल धरला की मला तोच दिसायचा."

मी नवऱ्याकडे बघितलं. भाकरीचा तुकडा त्याच्या हातात तसाच होता.

"ते बूट चोरीला गेले होते," तो म्हणाला. "आम्हाला तसंच सांगितलं त्यानं. वर्षभर चिडवलं आम्ही त्याला, की तुझ्या पायातले बूट गेले आणि तुला कळलं नाही. नुसता हसायचा."

मैत्रिणीने विचारलं, "कुठं असतो, दाजी, तो आता?"

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं. ती ताटावरून उठली आणि शेडकडे गेली. बराच वेळ तिकडेच होती. परत आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. ती नवऱ्याला आणखी रस्सा वाढू लागली, आणि तो नको म्हणाला नाही.

माणूस गेला की त्याच्याबद्दल नवीन काही कळायचं राहत नाही, जे आहे तेच पुन्हा पुन्हा आठवायचं, असं नवऱ्याने धरलं होतं. त्या जेवणात त्याला मित्राची एक नवीन गोष्ट मिळाली. परतताना शिक्रापूर सोडलं. मग मान थोडी मागे करून म्हणाला, "बूट दिले म्हणून तो पहिला होत नाही."

वाऱ्यात मला नीट ऐकू आलं नाही. त्याने पुन्हा सांगितलं. "चांगला माणूस वेगळा आणि चांगला खेळाडू वेगळा. तो पहिला होता तो पासमुळं. बूट त्यात धरायचे नाहीत."

"नका धरू," मी म्हणाले. "मग माझी सेंटर पहिली. दुसऱ्याचे ओले बूट घालून मॅच काढली तिनं."

त्यावर तो जो सुरू झाला तो चौफुला येईपर्यंत थांबला नाही. मी गाल त्याच्या पाठीला टेकवला होता. त्याचं भांडण मला पाठीतूनच ऐकू येत होतं.

पुढच्याच महिन्यात मैत्रीण एसटीने दौंडला आली. तिला गार्डच्या आईला भेटायचं होतं. आम्ही तिघं गेलो. स्टेशनच्या मागच्या बाजूला काकू मोठ्या मुलाकडे राहतात. मैत्रीण त्यांच्याजवळ खाली बसली आणि तिने बुटांचं सांगितलं. काकूंना त्याच्या तळपायांचे फोड आठवत होते. पैजेवर अनवाणी चाललो, असं त्याने घरी सांगितलं होतं.

काकूंनी मुलाचा खेळ कधी बघितलाच नव्हता. यजमान रेल्वेच्या इंजिनवर, घरी सासू-सासरे, कोर्टावर जाणार कधी? त्यांनी माझ्या नवऱ्याला विचारलं, "कसा खेळायचा रे?"

नवऱ्याने आधी बसूनच सांगायचा प्रयत्न केला. मग उठला. सोफ्यावरची उशी घेतली आणि त्या एवढ्याशा खोलीत दाखवू लागला. समोरून माणूस आला की गार्ड उजवीकडे झुकायचा, माणूस तिकडे जायचा, आणि तेवढ्यात हा डाव्या हाताने पास देऊन मोकळा.

"डाव्या?" काकू म्हणाल्या.

"डाव्याच. तीच तर त्याची गंमत होती."

काकू आपल्या तळहाताकडे बघू लागल्या. "लहान होता तेव्हा डाव्या हातानं जेवायचा. चापट मारायचे मी त्या हातावर. लिहायला उजवा करून घेतला, जेवायला उजवा करून घेतला. रडायचा, तरी सोडलं नाही मी."

मग नवरा त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसला. म्हणाला, "खेळायला डावाच राहिला, काकू. बरं झालं. समोरच्याला शेवटपर्यंत कळायचं नाही."

काकूंनी पदराने डोळे पुसले आणि पाय जरा पोटाशी घेतले, त्याला जागा व्हावी म्हणून.

"पुन्हा दाखव," त्या म्हणाल्या. "जरा हळू दाखव."