सही कधीपासून धरायची नाही

मी स्वभावाने संशयी आहे आणि त्या स्वभावावरच माझं पोट चालतं. पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम मी नारायणगावच्या घरी बसून करते. थोडक्यात सांगायचं तर डिजिटल सह्यांवर पटकन विश्वास न ठेवणं, हे माझं काम. कुणी कागदावर अशी सही केली की तिच्यामागे एक प्रमाणपत्र असतं: सही अमक्याचीच आहे आणि अमक्या मुदतीपर्यंत चालेल. पण कधी कधी मुदतीच्या आधीच ते रद्द करावं लागतं. माणूस नोकरी सोडतो, सहीचं पेनड्राइव्हसारखं डोंगल हरवतं, पिन चार जणांना कळतो. मग प्रमाणपत्र देणारी संस्था त्याचा नंबर रद्द झालेल्यांच्या यादीत टाकते, आणि सही तपासणाऱ्या प्रोग्रामने हो म्हणायच्या आधी ती यादी बघायची असते. बरेच प्रोग्राम बघत नाहीत. यादी यायला वेळ लागतो, नेट नसतं, लोक खोळंबतात, मग प्रोग्राम लिहिणारा म्हणतो, असू दे. अशा 'असू दे'वाल्यांना मी मीटिंगमध्ये सोलून काढते. पाठीमागे ते मला यादीवाली बाई म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं.

हा स्वभाव वडिलांकडून आला. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. स्वतःची द्राक्षबाग चुलतभावाच्या हाती देऊन तात्या आमच्या भागातल्या बागायतदारांच्या कंपनीत पाहणीचं काम करायचे. तोडणीच्या आधी प्रत्येक बागेत जाऊन बघायचं, फवारणी वेळेत थांबवली आहे ना याची खात्री करायची आणि मग कागदावर सही. त्या सहीशिवाय पेटी हलत नसे. त्यांची पद्धत ठरलेली होती. गाडी बांधावर लावायची, चहाला नाही म्हणायचं, दर तिसऱ्या ओळीत वाकून पानाआडचा घड हातात घ्यायचा. मग फवारणीची वही मागायची. सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच हाताच्या दिसल्या की वही मिटून परत द्यायचे.

"एका बैठकीत लिवलीय ही. पावणं, खरी वही आणा."

सख्ख्या मेहुण्यालाही त्यांनी एकदा असं परत पाठवलं होतं. आत्या वर्षभर आमच्याकडे आली नाही. तात्यांना त्याचं वाईट वाटलं, पण बाग बघितल्याशिवाय सही नाही म्हणजे नाही.

पुढे कागद डिजिटल झाले तेव्हा तात्यांच्या कंपनीसाठी सॉफ्टवेअर मीच लिहून दिलं, रविवारी बसून, फुकट. तात्या बाग बघून घरी यायचे, कॉम्प्युटरला डोंगल लावायचे, पिन टाकून सही करायचे. व्यापाऱ्याने पेटीवरचा कोड मोबाईलवर बघितला की सही तपासली जायची, यादी बघितली जायची आणि पडदा हिरवा किंवा लाल व्हायचा. यादी मिळालीच नाही तर हिरवं दाखवायचं नाही, असं मी ठरवलं. डिंगोऱ्याकडे रेंज जाते, तिथे गाड्या भरून उभ्या राहायच्या आणि कंपनीचे मॅनेजर मला फोन करायचे, "ताई, वाईच ढिलं सोडा की राव." मी काही ढिलं सोडलं नाही.

मग तात्या विसरायला लागले. सुरुवात चहापासून झाली. चहा पिऊन झाल्यावर, आज चहा नाही का, म्हणून विचारायचे. आईचं उत्तर ऐकायचे आणि थोड्या वेळाने तेच विचारायचे. एकदा आत्याच्या गावाचा रस्ता चुकले. मी म्हटलं, वय झालं, असू दे. बाहेर ज्या शब्दावरून मी लोकांना सोलते तो शब्द घरात मी रोज वापरत होते, आणि ते मला कळतही होतं.

द्राक्षांचा हंगाम जोरात असताना एका सकाळी मॅनेजर घरी आले. फोन न करता माणूस द्राक्षांची पेटी घेऊन दारात आला म्हणजे काहीतरी अवघड सांगायचं असतं. तात्या आत पेपर वाचत होते. मॅनेजरांनी मला फाटकापाशी बोलावलं.

"ताई, लई वंगाळ वाटतंय सांगाया. निरगुडसरच्या एका बागंचा कागद आलाय काल. तात्यांची सही हाय. हिरवा दाखवतोय."

"मग?"

"तिथं बागच न्हाई आता. मालकानं गेल्या साली येली काढल्या. टोमॅटो हाय तिथं, बांबू हुभे हायत. त्याच्याकडनं चुकून जुन्या प्लॉटचा नंबर धाडला गेला. आन् तात्या मला फोनवर म्हणले, सकाळीच बघून आलो, घड लई चांगला हाय."

आदल्या दिवशी तात्या घराबाहेर पडले नव्हते. हे मला माहीत होतं, कारण मी दिवसभर घरीच होते.

मालक एका शब्दाने बोलला नव्हता. गुपचूप नव्या प्लॉटचा नंबर पाठवून मोकळा झाला होता. आणि कंपनीतल्या सगळ्यांनी मिळून तोडगाही काढला होता. दुसरा माणूस बागा बघून येईल, पण त्याचा बोभाटा करायचा नाही. सही तात्याच करतील, आधीसारखी. त्यांना कळणारही नाही. इतकी वर्षं ज्या माणसाने आमच्या मालाची अब्रू राखली, त्याचं डोंगल काढून घ्यायचं कसं, असं मॅनेजर म्हणाले. आमच्याकडे माणसाचा मान राखायचा म्हणजे असा राखतात.

मी भडकले. "म्हणजे न बघितलेल्या बागेवर सही? तात्यांनी?"

"मंग तुमीच सांगा त्यांना," ते म्हणाले, आणि पेटी कट्ट्यावर ठेवून निघून गेले.

मी आठ दिवस सांगितलं नाही. डोंगल उचलून माझ्या कपाटात ठेवलं आणि ते दुरुस्तीला दिलंय अशी थाप मारली. नियमाने त्याच दिवशी प्रमाणपत्र रद्द करायला अर्ज जायला हवा होता. दुसऱ्या कुणी आठ दिवस लावले असते तर मी त्याला उभा जाळला असता.

शेवटी एका सकाळी आई आणि तात्या ओट्यावर वाटाणे सोलत बसले होते, तेव्हा मी बोलले. मनात खूप जुळवाजुळव केली होती, पण तोंडातून सगळं एका दमात, ओबडधोबड बाहेर आलं. तात्यांनी ऐकून घेतलं.

"टोमॅटो?"

"हो, टोमॅटो."

त्यांनी आणखी चार-पाच शेंगा सोलल्या. "डोंगल दुरुस्तीला दिलेलं न्हाई तर."

"नाही."

"बरं केलंस, ठिवून घेतलंस ते." मला वाटलं आता चिडतील, आणि चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी विचारलं ते वेगळंच. "सही रद्द झाली की माझे आधीचे कागद? एवढ्या बागा हिंडलो, त्याचं काय व्हणार?"

त्यांच्या आवाजात भीती होती. सही जाण्याची नव्हती, तेवढं त्यांनी आधीच मान्य केलं होतं. आजवरचं सगळं काम खोटं ठरेल का, ही ती भीती. मी अगदी सहज म्हटलं, "ते तसेच राहतात. तेव्हा सही चालू होती ना."

"बघून सांग," तात्या म्हणाले. बागायतदारांना सांगायचे त्याच सुरात.

मला रागच आला. माझं काम मला शिकवतात! आत जाऊन एक खोटं, चाचणीचं प्रमाणपत्र बनवलं, त्याने चार कागदांवर सह्या केल्या, मग ते रद्द केलं आणि कागद पुन्हा उघडले. चारही लाल. मी लिहिलेला प्रोग्राम एकच प्रश्न विचारत होता: हे प्रमाणपत्र आज यादीत आहे का? सही झाली तेव्हा ते यादीत होतं का, हे तो विचारतच नव्हता. तात्यांचा नंबर यादीत गेला असता त्या दिवशी त्यांचा प्रत्येक हंगामातला प्रत्येक कागद लाल झाला असता. कडक असण्याच्या तोऱ्यात मी ही चूक करून ठेवली होती. तात्या मागे येऊन उभे होते.

"लाल हाय," ते म्हणाले.

प्रोग्रामच्या दुरुस्तीला चार दिवस लागले. सही कधी झाली हे सही करणाऱ्याच्या कॉम्प्युटरवरून धरता येत नाही, ते घड्याळ कुणीही मागे करू शकतं. पण कागद आमच्या सर्व्हरवर कधी पोचला याची नोंद सुदैवाने पहिल्या दिवसापासून होती. ती वेळ धरली. रद्द होण्याच्या आधी पोचलेले कागद हिरवे, नंतरचे लाल. दरम्यान अर्जही भरला. तात्यांच्या नावाचं प्रमाणपत्र, म्हणून अर्जही त्यांचाच. कारण निवडायचं होतं: डोंगल हरवलं, पिन फुटला, माहिती बदलली, काम बंद केलं. विसरतो, असं कारण त्यात नव्हतं. तात्यांनी 'काम बंद केलं'वर बोट ठेवलं. दोन दिवसांनी यादी उघडून मी त्यांना त्यांचा नंबर दाखवला.

"नाव कुठाय?"

"नाव नसतं यादीत. फक्त नंबर."

"बरंय मग."

आता एकच जागा भरायची राहिली होती. रद्द झालं त्या दिवसाच्या आधीपासूनच सही भरवशाची नसेल, तर ती तारीख आमच्या प्रोग्राममध्ये वेगळी टाकता येईल अशी सोय मी केली होती. सही कधीपासून धरायची नाही? मी निरगुडसरच्या कागदाचा दिवस टाकायला घेतला आणि नुसतं विचारायचं म्हणून तात्यांना विचारलं.

"भोगी," ते म्हणाले.

"काय?"

"भोगीच्या दिवसापासून धर."

संक्रांतीच्या आदल्या दिवशी ते डिंगोऱ्याकडच्या एका बागेत गेले होते. ओळीच्या मधोमध उभे असताना त्यांना कळेना, आपण इथे का आलो, ही बाग कुणाची, घर कुठल्या बाजूला. तसेच बसून राहिले. बागेतल्या एका बाईने पाणी दिलं, रस्त्याला लावून दिलं. घरी येऊन त्यांनी सही केली. बाग बघितली होती की नाही हे त्यांना तेव्हाही माहीत नव्हतं.

"गाडी पंक्चर झाली म्हणलेलात," आई म्हणाली. "मी भोगीची भाजी-भाकरी झाकून ठिवलेली. न जेवता झोपलात तुमी."

म्हणजे त्यांना सगळं कळत होतं. आमच्याही आधी, सगळ्यांच्या आधी.

भोगीपासून निरगुडसरच्या कागदापर्यंतच्या सगळ्या बागा लाल होणार होत्या. मी वकिली करायला लागले. त्यातल्या बऱ्याच बागा तात्यांनी नीट बघितल्या असणार, मालाचे प्रयोगशाळेचे अहवाल चांगले आले होते, माल विकूनही झाला होता. "तात्या, बहुतेक बघितल्याच असतील तुम्ही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बहुतेक? दुसऱ्याचं बहुतेक चालवतीस का तू?"

मी भोगीची तारीख टाकली. पडद्यावर खालचे कागद लाल झाले, वरचे सगळे हिरवे राहिले. तात्यांनी चष्मा लावून हिरवे कागद एकेक करून उघडायला लावले. बागेचं नाव वाचायचे, मान हलवायचे. जुनं त्यांना सगळं आठवत होतं, कुणाच्या बागेत कुठल्या ओळीला पाणी कमी पडायचं इथपर्यंत.

मग त्यांनी लाल बागांची यादी छापून मागितली. मी म्हटलं, मॅनेजर कळवतील सगळ्यांना. ते म्हणाले, सही माझी हाय, मीच सांगणार. ओट्यावर बसले, मोबाईल हातात घेतला आणि यादीतला पहिला नंबर लावला.

"रामराम. तुमची बाग मी बघितली व्हती का न्हाई, मला आता सांगता येत न्हाई. दुसरा माणूस यील. त्याला फवारणीची वही दाखवा. खरी वही."

दुसरा नंबर लावला, तेच सांगितलं. मग तिसरा. मग त्यांनी यादीकडे बघितलं, चष्मा पुसला आणि तिसराच नंबर पुन्हा लावला. मी उठून सांगणार होते, पण तेवढ्यात पलीकडून फोन उचलला गेला. तात्यांनी पुन्हा रामराम केला, पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. फोनचा आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू येत होतं. पलीकडच्या माणसाने मध्ये तोंड उघडलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरं तात्या. बरं झालं तुमी सांगितलंत."

मी पुढे जाऊन त्या नावापुढे पेनाने खूण केली. मग आत गेले आणि खूप रडले. बाहेर तात्या चौथा नंबर लावत होते.