नवे मासे आधी टबात

माशांच्या दुकानांबाहेर मी पत्रकं वाटते. पहिलीच ओळ ठळक: नवा मासा थेट टाकीत सोडू नका! लोक हसतात. खुशाल हसा. तसा सोडल्याने काय होतं ते मी आमच्या चामराजपेटच्या घरात पाहिलंय. अजूनही एअर पंपाची घरघर ऐकली की तो हॉल आठवतो, आणि टाकीसमोर मांडी घालून बसलेले बाबा.

बाबा सरकारी कारखान्यात इंजिनिअर. त्यांचा नियम कडक: नवा मासा चार आठवडे बाल्कनीतल्या टबात, त्याची जाळीसुद्धा वेगळी. हा नियम त्यांनी एकदाच मोडला, तोही भिडेपोटी. माझ्या दहावीच्या निकालाला खालच्या मजल्यावरच्या बेळगावकडच्या अक्का पिशवीतून मोली माशांची जोडी घेऊन आल्या. बाबा पिशवी घेऊन बाल्कनीकडे वळले.

"काय अण्णा, आम्ही दिलेले मासे दाराबाहेर होय?"

बाबांनी मागे वळून पिशवी टाकीत रिकामी केली. भीड! आपल्या घरांतले निम्मे घोटाळे या भिडेनेच होतात.

आठवड्याभरात एंजल माशांच्या पंखांवर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले. नखाएवढे होते तेव्हापासून बाबांनी वाढवलेली जोडी ती. बाबांनी हीटर हळूहळू वाढवला, मीठ घातलं, रोज तळाचं पाणी उपसलं. हे ठिपके म्हणजे एक परजीवी; तो माशाच्या अंगावर असेपर्यंत औषधाला दाद देत नाही, सुटून पाण्यात आला की औषधाने मरतो. म्हणून ठिपके गेले तरी उपचार थांबवायचे नाहीत. तरीही एक एंजल गेलाच. दुसरा कोपऱ्यात पडून, खाणं बंद.

अक्का दारातून विचारायच्या, "मासे बरे हैत न्हवं?"

"मस्त!" बाबा म्हणायचे.

एक दिवस मला राहवलं नाही. "मस्त कसले? तुमच्या मोलींनी रोग आणला. एक एंजल मेला."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी आत जायला निघाले.

"अय्यो! मग त्या दिवशीच सांगायचं की, अण्णा. मी काय खाल्लं असतं तुम्हाला?"

त्या संध्याकाळपासून पाण्याच्या बादल्या अक्का उचलू लागल्या. एका रविवारी बाबा जिन्यातून ओरडले, "अक्का, खाल्लं! त्यानं खाल्लं!" अक्का पिठाच्या हातांनीच वर धावल्या.

"अजून स्वल्प घाला की!"

"नाही अक्का. आज एवढंच."

अक्कांना इतकं सरळ नाही म्हणताना बाबांना मी पहिल्यांदाच ऐकलं.