गिझरचा दिवा विझला नाही तेव्हा

सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, गंगाखेडला आमच्याकडं आणलं तेव्हा साखरेच्या आजारानं त्यांच्या पायांतली जाण गेली होती. चप्पल निसटली तरी त्यांना कळायचं नाही. म्हणून न्हाणीतल्या गिझरचं तापमानाचं बटण आम्ही अगदी कमीवर ठेवलेलं. पाणी पुरतं तापलं की लाल दिवा विझायचा आणि मग मी त्यांना स्टुलावर बसवायची.

त्या थंडीत एका सकाळी नवरा परभणीला गेलेला. दिवा विझायची वाट बघून कंटाळले आणि आत्याबाईंना बसवलं. टॉवेल आणायला खोलीत वळले, तेवढ्यात त्यांनी स्वतःच नळ सोडला.

परत आले तर न्हाणी वाफेनं भरलेली. गिझरमधून खदखद आवाज येत होता, आणि कडेच्या बारीक नळीतून फस्स करून वाफ सुटत होती. दिवा अजून लालच. नळाची धार आत्याबाईंच्या डाव्या पायावर पडत होती आणि त्या शांत बसलेल्या.

"आत्याबाई, पाय काढा! पाय!"

"काय झालं गं? मला तर काहीच व्हईना."

मी दाराबाहेरचं विजेचं बटण बंद केलं. खदखद थांबेना. टाकी आता फुटती की काय, असं वाटलं. नळ बंद करायचा तर त्या वाफेत हात घालावा लागणार होता. टॉवेल हातावर गुंडाळून नळ फिरवला, काखेत हात घालून त्यांना उचललं आणि तशाच ओल्या अंगानं अंगणातल्या हौदापाशी ओढत नेलं. पायावर गार पाणी ओतत राहिले. पाऊल लालभडक झालं होतं, अंगठ्याजवळची कातडी सुटायला लागली होती.

आत्याबाई पायाकडं बघत होत्या. एकदम माझा दंड धरला.

"दुखत न्हाई गं," त्या पुटपुटल्या. "ह्यो पाय माझा ऱ्हायला न्हाई का?"

मी पाण्याचा आणखी एक तांब्या ओतला. त्या थरथरत होत्या, थंडीनं की भीतीनं, ते मला आजही सांगता येणार नाही.

डॉक्टर म्हणाले, साखर असलेल्या माणसाची जखम चिघळली तर पाऊल जाऊ शकतं. पट्टी सोडताना दर वेळी मी आधी अंगठ्याजवळ बघायची. जखम भरायला सगळी थंडी गेली, पण पाऊल वाचलं. मिस्त्रीनं गिझर उघडला तर आतला थर्मोस्टॅट चिकटून बसलेला. पाणी तापलं तरी वीज तोडतच नव्हता. त्यानं तो बदलला, वाफेची झडपही नवी बसवली.

आता पाणी आधी बादलीत काढते, गिझर बंद करते, गार पाणी मिसळून कोपर बुडवते. तरी नळातून पहिली धार पडली की आधी दिव्याकडं बघते.

आंघोळ झाली की आत्याबाई पाय मांडीवर घेतात, बोटं एकेक फाकवून बघतात. तळवा त्यांना दिसत नाही. तो माझ्याकडं करतात.

"नीट हाय ना गं? बघून सांग."

मी खाली बसते आणि बघते.